हाक कुठं मारायची, हात कुठं चालवायचा



आज सकाळी पडवीत ओलं तरट अंथरलं आणि घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून मांडले. दहा-दहाच्या दहा ओळी. वरून दुसरं ओलं तरट घातलं, हलक्या हातानं गुंडाळी केली आणि सावलीला ठेवून दिली. रोज थोडं पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उघडून मोजायचं.

भावकीतला एक शिकलेला पोरगा तेवढ्यात आला. म्हणाला, "काका, हे काय करत बसलाव? दुकानात जाऊन विचारा की, कोणती बॅग चांगली हाय." मी म्हणलं, "बाबा, ज्याला बॅग विकायची हाय त्यालाच विचारू का?" तो हसला आणि गेला.

दाणे मी डाव्या हातानं मांडत होतो. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता नीट वळत नाहीत. आज त्या बोटांची गोष्ट सांगायची आहे. बरेच दिवस लिहायचं टाळत होतो, कारण त्यात माझीच चूक आहे.

मागल्या जानेवारीतली गोष्ट. हरभरा घाट्यात आलेला, पाण्याला आधीच दोन दिवस उशीर झालेला. त्या आठवड्यात आमच्याकडं लाईट रात्रीची होती. बारा-सव्वाबाराला मोटर बंद पडली. जाऊन बघितलं तर एक फेज गेलेला. लाईनमनला दोनदा फोन लावला, उचलला नाही. त्या एका माणसाकडं गावं किती आणि रात्री किती, त्याला मी दोष देत नाही. सकाळपर्यंत थांबलो असतो तर हरभरा काही मरत नव्हता. पण मी थांबलो नाही.

कारण गावात माझं नाव होतं. डीपीचा फ्यूज गेला की लोक म्हणायचे, "दादाला सांगा, पाच मिनिटात बांधतोय." दहा-बारा वर्षं मी ते काम करत आलो होतो. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. त्या नावाचाच मला माज होता. लोक मला बोलवायचे, मी कुणाला बोलवायचो नाही.

बॅटरी तोंडात धरली आणि डीपीची पेटी उघडली. दव पडून सगळं ओलं झालेलं. ग्रिप काढली, तार बांधली, ग्रिप परत बसवली. आमच्या त्या डीपीवर अकरा मोटरी. जवळजवळ सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो स्विच. फेज आला की सगळ्या मोटरी एकदम पाणी उचलायला लागतात आणि सगळा भार एका दणक्यात येतो. हे मला माहीत होतं. दुसऱ्याला मी हेच सांगायचो. पेटीत एवढा मोठा जाळ झाला की डोळ्यापुढं नुसतं पांढरं दिसलं. मी मागं चिखलात पडलो. हाताची कातडी सोललेली, भुवया जळालेल्या.

आता खरी चूक सांगतो. शंभर पावलांवर आबांचं शेत. आबा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, भावकीतलेच. तेही त्या रात्री पाण्यावर होते, त्यांच्या बॅटरीचा उजेड मला दिसत होता. पण धुऱ्याच्या भांडणावरून आमचा सात वर्षं अबोला. मी हाक मारली नाही. दहा-पंधरा मिनिटं चिखलात बसून राहिलो. आता उठतो, मग उठतो, असं म्हणत. हात भाजलेला, अंग थरथरतंय, आणि डोक्यात काय, तर ह्याच्यापुढं वाकायचं नाही.

शेवटी आबाच आले. जाळ बघून काठी घेऊन पळत आले होते. लांबूनच ओरडले, "कोण हाय रं? हात लावू नको कशाला!" मग बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाक मारायची व्हती की रं." मी म्हणलं, "आबा, चुकलं." एवढंच बोलणं झालं. त्यांनी मोटरसायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हात बावीस दिवस बांधलेला होता. माझ्या हरभऱ्याचं राहिलेलं पाणी आबांनी दिलं.

धुऱ्याचं भांडण मिटलं असं समजू नका. ते आहे तिथंच आहे, मोजणी झाल्यावर बघू. पण अबोला संपला.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळतीय. आपण शेतकरी लोक उलटं वागतो. जे काम आपल्या हातात आहे, जे आपणच केलं पाहिजे, त्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो. आणि जिथं एकट्यानं जायचं नाही, तिथं छाती काढून एकटे जातो.

आधी पहिल्याचं बोलतो.

बियाणं तपासणं हे आपलं काम आहे. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढ्या तक्रारी झाल्या, आठवतंय ना? त्या वर्षी मीही दुबार पेरलं. पंचनामा झाला, कागद झाले, पण गेलेला वाफसा कुणी परत आणून देत नाही. पेरणीच्या आधी शंभर दाणे तरटात ठेवले असते तर मला आधीच कळलं असतं. याला खर्च शून्य. शंभरातले सत्तर चांगले उगवले तर एकरी ३० किलोचं माप पुरतं. सत्तरच्या खाली गेलं तर एका टक्क्याला अर्धा किलो या हिशोबानं बियाणं वाढवायचं. म्हणजे ६५ निघाले तर एकरी अडीच किलो जास्त. साठच्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरायचं नाही, बाजारात घालायचं.

आणि सोयाबीन हे सरळ वाणाचं पीक आहे. एकदा चांगलं प्रमाणित बियाणं आणलं की त्याच्याच पिकातून पुढं दोन-तीन वर्षं बी धरता येतं. संकरित कपाशीसारखं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. फक्त जपावं लागतं. या दाण्याचं साल फार पातळ असतं. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, पोतं वरून आदळायचं नाही, थप्पी उंच लावायची नाही. एका बॅगेची किंमत आणि आपल्या सोयाबीनला अडतीवर मिळालेला भाव, दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. मग कळतं, आपलं काम दुसऱ्यानं करायचं किती पैसं घेतलं.

दुसरं, ई-पीक पाहणी. २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची सोय झाली. पण गावात बघा, एक पोरगा पन्नास जणांची पाहणी करतो. त्याला कोणत्या गटात काय पेरलंय हे माहीत नसतं. सोयाबीनच्या जागी दुसरंच काहीतरी लागलं की पुढं अनुदानाला, खरेदी केंद्राला अडचण. मग आपण तलाठ्याला शिव्या देतो. मी दहावी पास माणूस, फोन मलाही नीट येत नव्हता. पहिल्या वर्षी पोरीला शेजारी बसवलं, पण बोट माझंच चालवलं. दुसऱ्या वर्षी एकट्यानं केली. मदत अशी घ्यायची की पुढल्या खेपेला ती लागू नये.

तिसरं, हिशोब. एकराला खर्च किती आला, हे दुकानदाराच्या वहीत बघावं लागत असेल तर आपण आपल्या शेताचे मालक नाही. एक दोन रुपयांचा पेन आणि जुनी वही, बास.

आता दुसऱ्या बाजूचं.

जिथं चूक झाली तर पैसं जातं, तिथं स्वतः करून शिकावं. पैसा परत येतो. पण जिथं चूक झाली तर जीव जातो, तिथं एकट्यानं शिकायचं नसतं. माझी आता साधी खूण ही आहे.

लाईटचं तर सांगितलंच. डीपीला हात लावायचा नाही, रात्र जाऊ दे, पाणी जाऊ दे. आणि एक गोष्ट, गावात कुणी फ्यूजच्या जागी जाड तार घालत असेल तर त्याला अडवा. जाड तार वितळत नाही, मग भार सगळा डीपीवर जातो आणि डीपी जळते. ती बदलून येईपर्यंत अकरा जणांचं पीक वाळतं. एकाचा शहाणपणा अकरा जणांना महाग पडतो.

फवारणीचं घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत मजुरीनं फवारायला गेलेलेही होते. उंच वाढलेल्या कपाशीत एकटा माणूस पंप घेऊन शिरला आणि चक्कर येऊन पडला तर बाहेर कुणाला दिसत नाही. तेव्हा फवारायला जाताना घरात सांगून जा, कोणतं औषध आहे ते सांगा, धुऱ्यावर कुणीतरी असू द्या. उपाशी पोटी जाऊ नका, वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नका.

विहिरीचं तसंच. बरेच दिवस बंद असलेल्या जुन्या विहिरीत, आडात वायू साचलेला असतो. पहिला उतरतो तो बेशुद्ध पडतो, त्याला काढायला घाईनं उतरलेला दुसराही तिथंच पडतो. खाली उतरायच्या आधी वर दोन माणसं आणि कमरेला दोर पाहिजे. आणि खालचा पडला तर वरच्यानं उतरायचं नाही, दोर ओढायचा आणि गावाला हाक मारायची.

तिसरी जागा म्हणजे जिथं काम एका घराच्या ताकदीबाहेरचं आहे. यासाठी आपल्या जुन्या लोकांनी सोय केली होती. कुणी सावड म्हणायचं, कुणी वारंगुळा. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. ज्याच्याकडं एकच बैल त्यानं दुसऱ्या एका बैलवाल्याशी वारंगुळा करायचा. मोठं काम असलं की इर्जिक घालायची, गावातली औतं एका रानात यायची आणि मालकानं सगळ्यांना जेवण घालायचं. माझ्या लहानपणी आमच्या रानात इर्जिक झाली तेव्हा सतरा औतं होती. आईनं आणि चुलत्यांनी पहाटेपासून भाकरी थापल्या होत्या.

पण त्याच्यात सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. ज्याचं रान मोठं त्याची पाळी आधी लागायची. ज्याला बैलही नाही आणि रानही नाही, त्याला सावडीत जागा नव्हती. आणि त्या पहाटेच्या भाकरीची परतफेड कुणी धरलीच नाही. बायांचं काम सावडीत मोजलं जायचंच नाही.

मग सावड मोडली कशानं? लोक म्हणतात माणुसकी गेली. मला वाटतं त्याला पिकाचंही कारण आहे. आमच्या भागात पूर्वी मूग-उडीद आधी निघायचे, मग साळ-बाजरी, मग तूर, शेवटी ज्वारी. तुझी काढणी तेव्हा माझी नसायची, म्हणून मी तुझ्याकडं येऊ शकायचो. आता घरोघरी सोयाबीन. सगळ्यांचं एकाच पंधरवड्यात वाळतं, वरून परतीचा पाऊस दम देतो. मग प्रत्येकजण गुत्त्यानं माणसं शोधत फिरतो आणि एकरी भाव वाढत जातो. सगळ्यांना एकाच दिवशी मदत पाहिजे असली तर मदत द्यायला उरतो कोण?

तरी वाट निघते. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपला २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरुवात झाली. अंबाजोगाई आम्हाला जवळ. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका चारीवर टिकाव मारताना तिथं मी बघितली. कारण ते काम एकट्याचं नव्हतंच. माझ्या रानात पडलेलं पाणी मी अडवलं तर शेजारच्या विहिरीला लागतं, त्याला अबोला कळत नाही.

यंदा आम्ही पाच घरांनी लहानशी सावड धरली. पेरणीचे दिवस मुद्दाम मागंपुढं केले, दोन घरांनी लवकर येणारं वाण घेतलं. बायांची हजेरी वेगळी आणि बरोबरीनं लिहायची ठरली. एक घर बिनरानाचं आहे, त्याच्या दिवसाला मजुरी रोख द्यायची. जमतंय का, ते दिवाळीला लिहितो.

आता मागायचं कसं, याबद्दल दोन शब्द. मला रोज फोन येतात, "दादा, सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?" यावर मी काय सांगणार? आधी रानात जाऊन बसा. पीक किती दिवसांचं आहे? पाणी साचलंय का? पिवळी वरची कोवळी पानं आहेत का खालची जुनी? वरची पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोह कमी पडतंय, चुनखडीच्या रानात हे नेहमी होतं. खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडं बघावं लागतं. हे बघून मग विचारा. मला विचारा, कृषी सहायकाला विचारा, नाहीतर किसान कॉल सेंटरला लावा, १८००-१८०-१५५१, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. अर्धं काम स्वतः केलं की समोरच्यालाही उरलेलं अर्धं करायला बरं वाटतं. हातात पान घेऊन आलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नाही.

शेवटची जागा सांगतो, आणि ती सांगायला मला डीपीपेक्षा जड जातंय.

हात बांधलेले ते बावीस दिवस मी घरात बसून होतो. दवाखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज, पोरीच्या कॉलेजची फी. रात्री झोप लागायची नाही. बायको विचारायची, "काय झालंय?" मी म्हणायचो, "काय नाही." सगळं आपल्यालाच निस्तरायचं आहे, दुसऱ्याला सांगून काय होणार, हेच डोक्यात. डीपीच्या पेटीपुढं मी जसा एकटा उभा होतो, तसाच. एक दिवस आबा चहाला आले आणि सहज म्हणाले, "कर्ज किती हाय तुझं?" मला राग आला. मग मी आकडा सांगितला. सात वर्षांत ज्याच्याशी बोललो नाही त्याला सांगितला, आणि बायकोनं तो आकडा तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं अजून काय हाय." दोघांनी मिळून वही घेतली, हप्ते पाडले, एक म्हैस विकली. कर्ज अजून आहे. पण झोप लागते.

कर्जाचा आकडा घरात लपवू नका. आणि मन फारच काळं झालं, जीव नको वाटला, तर शेजारच्याला हाक मारा. शेजारच्याला सांगता येत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. नाव-गाव सगळं सांगावंच असंही नाही. हा नंबर पेरणीच्या तारखेसारखा भिंतीवर लिहून ठेवा. मी लिहिलाय.

काही जण म्हणतील, मागितलं की उपकार होतो, गावभर बोललं जातं. बोललं जातं, खरं आहे. माझ्याही हाताची गोष्ट चावडीवर महिनाभर चालली. पण जो माणूस कधीच काही मागत नाही, त्याच्याकडं दुसराही मोकळेपणानं मागायला येत नाही. मला वाटायचं मी सगळ्यांच्या उपयोगाला पडतो. आता कळतं, लोक माझ्याकडं फक्त फ्यूज बांधायला यायचे.

आता डीपीचा फ्यूज गेला की मी कुणाचा बांधत नाही. दोन-तीन जण रुसले. रुसू द्या. अकराही मोटरवाल्यांनी मिळून लेखी अर्ज दिलाय की पेटी दुरुस्त करा, आणि ऑटो स्विच काढायचं आपसात ठरवलंय. नऊ जणांनी काढले. दोघं राहिलेत, त्यातला एक माझा सख्खा भाऊ. त्याच्याकडं उद्या जातोय.

तरटातले दाणे सहाव्या दिवशी मोजून इथं लिहीन. तुमच्याकडं सावडीला काय म्हणतात आणि ती अजून कुठं चालू आहे का, तेही लिहा.

पाऊस अजून पेरणीजोगा नाही. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय कुणी घाई करू नका.

राम राम.